चौदा पितळी पाट्या

देवाचं घर काळाला पुरून उरावं, म्हणून ते दगडातच बांधावं लागतं.

हे वाक्य माझं नाही. एका खेड्यातल्या चर्चच्या पोर्चमध्ये, दाराच्या डाव्या हाताला, पितळी पाटीवर ते कोरलेलं आहे. इंग्रजी जुनं, अक्षरं नक्षीदार, आणि दगड दान करणाऱ्या गृहस्थांचं नाव देवाच्या नावापेक्षा थोडं मोठं. मी त्या पाटीसमोर उभी होते तेव्हा तिच्या शेजारी, दारावर, एक कागद चिकटवलेला होता. इमारत धोकादायक आहे, आत जाऊ नये. तो कागद माझ्या रिपोर्टमुळे लागला होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. शिकले पुण्यात, राहते रोटोटुनात, नोकरी हॅमिल्टनमध्ये. जुन्या इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासणं हे आमच्या ऑफिसचं मुख्य काम. न्यूझीलंडमध्ये त्याला टक्क्यांत मोजतात. तीच इमारत आज नव्यानं बांधली असती तर तिच्यात जेवढी ताकद लागली असती, ते शंभर. चौतीसच्या खाली गेलात की इमारत अर्थक्वेक-प्रोन. पस्तीसला पास ही आपली जुनी सवय, त्यामुळे हा आकडा मला कधी पाठ करावा लागला नाही.

त्या वर्षी डायसिसनं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या प्रांताच्या ऑफिसनं, आम्हाला खेड्यांतली अकरा चर्च एकदम दिली. काम होतं इनिशियल असेसमेंट. डॉक्टरनं फोनवर दोन प्रश्न विचारून औषध सांगावं, तसा हा प्रकार. कागदपत्रं वाचायची, बाहेरून बघायचं, अंदाज लिहायचा. या चर्चपाशी मी पोचले तेव्हा पाऊस होता. फाटकातून सहा फोटो काढले. लांबून करड्या भिंती, चिऱ्यांचे सांधे स्वच्छ दिसत होते. ऑफिसात येऊन चर्चच्या इतिहासाची पुस्तिका वाचली, तिच्यात छापलेला पाटीचा मजकूर वाचला आणि लिहिलं: भिंती दगडी, सळई नाही. पंधरा टक्के.

सळई नसलेली दगडी भिंत म्हणजे चिऱ्यावर चिरा आणि मध्ये चुना. उभ्या वजनाला ती हत्तीसारखी. आडवा धक्का बसला की पत्त्यांसारखी. पंधरा टक्के हा आकडा मी उदार मनानं दिला होता.

मार्चमध्ये चर्चला कुलूप लागलं. जुलैच्या सुरुवातीला मला फोन आला.

"मी बेरिल. चर्चवॉर्डन," पलीकडचा आवाज म्हणाला. चर्चवॉर्डन म्हणजे धर्म सोडून चर्चचं बाकी सगळं बघणारा माणूस: किल्ल्या, छप्पर, गवत, पितळ. आपल्याकडच्या देवळाच्या पंचासारखं, पण इथे कामही करावं लागतं. "तुम्ही आमच्या चर्चमध्ये आत आला होतात का, डिअर?"

"नाही. त्या टप्प्यावर आत जायची गरज नसते."

"मग पंधरा टक्के कुठून आले?"

मी त्यांना पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग त्या म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी डायसिसच्या प्रॉपर्टी कमिटीची मीटिंग आहे. ते चर्च कायमचं बंद करून विकणार आहेत. माझं लग्न तिथं झालं. माझ्या नवऱ्याला, रॉनला, तिथूनच पोचवलं. मलाही तिथूनच जायचंय. मी शहाऐंशीची आहे, मला फार पुढची तारीख देता येत नाही."

मी बॉसच्या केबिनमध्ये गेले. ग्रँट सज्जन माणूस. पण कागदावर सही झाली की त्याच्या दृष्टीनं तो कागद डोंगरासारखा असतो.

"रिपोर्ट बदलायला नवा पुरावा लागतो, वैश," तो म्हणाला. "म्हातारी बाई वाईट वाटून घेते, हा पुरावा नाही."

"मी पुरावा बघायलाच जाते म्हणतेय. शनिवारी."

"आणि पंधराच निघाले तर?"

"तर निदान आत जाऊन पंधरा म्हणेन."

"स्वीट ॲज," तो म्हणाला. म्हणजे ठीक आहे. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

शनिवारी माझे बाबा बरोबर निघाले. ते पी.डब्ल्यू.डी.मधून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत आणि सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. आई बॉटनी डाउन्सला माझ्या भावाकडे गेली होती, आणि बाबांना घरी एकटं ठेवलं की ते माझ्या कपाटांची बिजागरं तपासतात. दोन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून ते गाडीत बसले. वाटेत दोन्ही बाजूंना कुरणांवर हिमाची पांढरी साय होती. बाबांनी तासाभरात गाडीची सीट, खिडकीची काच, थर्मासचं झाकण आणि या देशाचं सरकार, सगळं गार असल्याची तक्रार केली.

चर्चच्या फाटकात दोघी उभ्या होत्या. बेरिल बुटक्या, ताठ, हातात किल्ल्यांचा जुडगा. दुसऱ्या ट्रिश, तिथल्या व्हिकर, म्हणजे पाद्रीबाई. गळ्यात पांढरी पट्टी, पायांत गमबूट, येण्याचं वाहन चिखलानं माखलेली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. त्या पाच गावांतली पाच चर्च सांभाळतात.

"किया ओरा," ट्रिश म्हणाल्या. "तुम्हीच ना पंधरा टक्के?"

"हो, मीच."

"छान. लोक व्हिकरवर रागावायचे, आता तुमच्यावर रागावतात. मला जरा सुटी मिळाली."

मी भिंतींभोवती फिरायला लागले. बेरिलनी बाबांना पोर्चमधल्या बाकावर बसवलं, चहा दिला, चीज स्कोन दिला. बाबा भिंतीला पाठ टेकून बसले. मी अर्ध्या तासानं फिरून आले तेव्हा ते तसेच टेकून बसले होते, माकडटोपी मांडीवर, आणि बेरिलना खडकवासल्याचं धरण समजावून सांगत होते.

मी थांबले. काहीतरी चुकतंय असं वाटलं, आणि काय ते लगेच कळेना.

"बाबा, गार लागत नाहीये?"

"कुठे?"

"पाठीला."

बाबांनी विचार केला. "नाही. बरं वाटतंय."

मग तेही थांबले. त्यांनी कप खाली ठेवला, वळून भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "वैशाली, महाबळेश्वरच्या रेस्टहाउसवर होतो तेव्हा जानेवारीत भिंतीला टेकायची सोय नव्हती. दगड पाठीला चावायचा. हा चावत नाही." त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. "पोकळ वाजतंय. तू बाई काय लिहिलंयस?"

"दगड."

"कशावरून?"

"पाटीवरून."

 पी.डब्ल्यू.डी.त चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला पाटी म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

मी जवळून पाहिलं. चिऱ्यांचे सांधे सांधे नव्हते. सिमेंटच्या गिलाव्यावर, तो ओला असताना, पट्टी लावून मारलेल्या रेघा होत्या. पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. दगडी भिंतीलाही लोक गिलावा करतात, आणि गिलावा सुटला की दगडी भिंतही पोकळ वाजते. माझ्या वडिलांच्या पाठीला गार लागलं नाही, असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

"एक भोक पाडावं लागेल," मी ट्रिशना म्हणाले. "करंगळीएवढं. दोन-चार ठिकाणी."

"नाही पाडता येणार. चर्चच्या भिंतीला हात लावायचा तर फॅकल्टी लागते. बिशपची लेखी परवानगी. फॉर्म, नकाशा, कमिटी. मी खिळा ठोकायची मागितली होती, ती पाच महिन्यांनी आली."

"आणि प्रॉपर्टी कमिटी तीन आठवड्यांनी."

"दोन्ही कमिट्यांत तेच लोक आहेत. पण प्रॉपर्टीच्या कमिटीत त्यांना घाई असते."

 बेरिल पाटीकडे बघत होत्या. "किती काळवंडलीय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी सगळ्या उतरवते. यंदा कुलूप लागलं आणि राहूनच गेलं."

"उतरवता? भिंतीवरून?"

"जागेवर घासलं तर पॉलिशचे डाग भिंतीवर पडतात, डिअर. घरी नेते, टेबलावर पेपर पसरते आणि घासते."

"कशानं काढता?"

"स्क्रूड्रायव्हरनं. रॉनचा आहे."

"आणि परत लावताना भिंतीत काही घालावं लागतं? प्लॅस्टिकचा प्लग वगैरे?"

"छे. एखादा स्क्रू सैल लागला तर भोकात काडेपेटीची काडी घालते. रॉननं शिकवलं होतं."

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी बेरिलकडे आदरानं पाहिलं.

"दगडात काडी," ते मला म्हणाले. "विचार त्यांना, किती वर्षं?"

विचारलं. एक्केचाळीस.

ट्रिशनी डोळे मिटून घेतले. "बेरिल, एक्केचाळीस वर्षं तुम्ही दगडात लाकडाचे स्क्रू पिळताय?"

"मी पितळ बघत होते," बेरिल म्हणाल्या. "भिंतीचं काम माझं नव्हतं."

पाटी उतरवायला परवानगी लागत नाही, कारण वॉर्डन ती कायमच उतरवत आल्यात. ट्रिशनी हे दोनदा मोठ्यानं म्हणून घेतलं, नंतर कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून. मी चार स्क्रू काढले. दोन इंची, पितळी, आणि आट्यांमध्ये लाकडाचा भुसा अडकलेला. माझ्या किटमध्ये बोअरस्कोप असतो. पेन्सिलीपेक्षा बारीक केबल, टोकाला कॅमेरा आणि दिवा. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात, तिचा हा गरीब चुलतभाऊ. रॉनच्या काड्यांनी भोक आधीच ऐसपैस झालं होतं. केबल आत गेली.

स्क्रीनवर आधी गिलावा दिसला. मग गिलाव्याला धरून ठेवणारी तारेची जाळी, षटकोनी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. मग लाकडाची फळी, तिच्यावर जुना पांढरा रंग जसाच्या तसा. फळीच्या पलीकडे पोकळी. पोकळीत रिमूच्या लाकडाचा उभा वासा, हाताच्या रुंदीचा, आणि त्याला छेदून जाणारा तिरपा वासा.

तो तिरपा वासा पाहून मला जे वाटलं, ते इंजिनिअर नसलेल्यांना समजावणं कठीण आहे. तिरपा वासा म्हणजे त्या सुतारानं आडव्या धक्क्याचा विचार केला होता. वारा म्हणा, भूकंप म्हणा. लाकडी सांगाडा हलतो, कुरकुरतो, पण एकदम कोसळत नाही. त्या अनाम माणसानं एक नीटस, हलकं, हुशार लाकडी चर्च बांधलं होतं. नंतर कोणाला तरी ते गरिबीचं दिसलं असावं. बहुधा शेजारच्या गावात खरं दगडी झालं तेव्हा. मग जाळी आणली, सिमेंट थापलं, रेघा मारल्या आणि पाटी लावली. सोंग इतकं चांगलं वठलं की त्यापायी चर्च मरायला टेकलं होतं.

बेरिल स्क्रीनकडे बघत होत्या. पाटीवरचे दाते हे त्यांच्या नवऱ्याचे आजोबा, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे त्यांनी दगड दिलाच नाही?"

"एक दिलाय," मी म्हणाले. "ही पायरी दगडाची आहे."

त्यांनी पायरीकडे पाहिलं. "वचन द्यायला ते फार उदार होते," त्या म्हणाल्या. "रॉनची आई म्हणायचीच."

एका भोकावरून इमारत पास होत नाही. पुढची भिंत लाकडी निघाली म्हणून बाकीच्या तीन तशाच असतील असं नाही. पण इथे मला त्या गावाच्या मोठेपणाच्या हौसेचे आभार मानायला हवेत. आत तेरा पाट्या होत्या. कोणी घंटा दिली, कोणी खिडकी दिली, कोणी नुसताच फार वर्षं जगला, प्रत्येकाची पाटी. उत्तरेला चार, दक्षिणेला चार, पश्चिमेला दोन, वेदीच्या मागे तीन. कुठल्याही क्लायंटनं मला इतकं समतोल सॅम्पलिंग कधी करून दिलेलं नाही.

हेल्मेट घालून मी एकटीच आत गेले. बेरिलना येऊ दिलं नाही, त्यावरून पाच मिनिटं गेली. मी पाटी उतरवायची, दारात आणून द्यायची. बाहेर बाबा त्यांच्या मेजरमेंट-बुकातल्या अक्षरात नंबर, भिंत, जमिनीपासून उंची लिहायचे. बेरिलनी घरून पॉलिशचा डबा आणवला. परत लावेपर्यंत प्रत्येक पाटी चकचकीत झालेली असायची. चौदाच्या चौदा भोकांमागे लाकूड निघालं.

सोमवारी मी ओव्हरऑल चढवून जमिनीखालच्या फटीत सरपटत गेले. खाली टोटाराच्या लाकडाचे खुंट होते, पॉसम नावाच्या जनावराचा एक सांगाडा होता, आणि एका कोपऱ्यातला खुंट कुजलेला होता. तो बदलायला शनिवारी गावानं वर्किंग बी केली; खुंट म्हणजे भिंत नव्हे, असं ट्रिशनी आधी मोठ्यानं म्हणून घेतलं. वर्किंग बी म्हणजे श्रमदान, पण भाषण नसतं. आठ-दहा दूधवाले शेतकरी, दोन जॅक, एक ट्रॅक्टर. बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि लेव्हलच्या बुडबुड्याकडे बोट दाखवत राहिले. दुपारपर्यंत सगळे त्यांना बॉस म्हणायला लागले होते. घरी येताना ते म्हणाले, "चांगली माणसं आहेत. ऐकतात."

हिशेब केला. बहात्तर टक्के आले.

रिपोर्टचा मसुदा ग्रँटनं वाचला. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं होतं: आधीच्या रिपोर्टमध्ये भिंती दगडी धरल्या होत्या. ते चूक होतं. ती चूक माझी होती.

"हे असं कोणी लिहीत नाही," तो म्हणाला. "'नव्यानं उपलब्ध झालेल्या माहितीनुसार' असं लिही."

"माहिती शंभर वर्षं स्क्रूच्या मागे होती. उपलब्ध मी नव्हते."

"हेड ऑफिस वाचेल."

"वाचू दे. डायसिसवाल्यांनीही वाचायला हवं. उरलेल्या दहा चर्चमध्ये मी आत गेले नाहीये, हे त्यांना त्यातूनच कळेल."

त्यानं पेन उचललं. मग त्यानं खाली स्वतःची सही केली, माझ्या सहीच्या शेजारी, आणि मला दहा चर्चच्या किल्ल्या मागवायला सांगितलं. मी बऱ्याच मोठ्या इमारतींचे रिपोर्ट लिहिलेत. फ्रेम करून लावावासा वाटलेला हा एकच.

प्रॉपर्टी कमिटीची मीटिंग हॅमिल्टनला झाली. आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या खालोखालचे गृहस्थ, अध्यक्ष होते. चांदीच्या साखळीचा चष्मा, आवाज असा की 'नमस्कार' म्हणाले तरी 'आमेन' म्हणावंसं वाटावं. त्यांनी माझे फोटो एकेक करून पाहिले. जाळीच्या फोटोवर थांबले.

"म्हणजे ते दगडी नाही."

"नाही."

"एक प्रकारची हानी झाल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "या चर्चचा परिचय आपण नेहमी जिल्ह्यातलं पहिलं दगडी चर्च असा करून देत आलो."

"पीटर," ट्रिश म्हणाल्या, "आता परिचय करून द्यायला ते उभं तरी राहील."

बेरिल मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना बोलायचं आहे का, असं आर्चडीकननी विचारलं. त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या सासरच्यांनी दगड दिला असं लिहिलेली पाटी मी एक्केचाळीस वर्षं घासत आले," त्या म्हणाल्या. "माझी हरकत नसेल तर तुमचीही नसावी. मला कुलूप काढायचंय."

मतदान झालं नाही. आर्चडीकननी टेबलाभोवती नजर फिरवली आणि पुढच्या विषयाचा कागद वर घेतला. चर्च वाचल्याची नोंद सेक्रेटरीनं दीड ओळीत केली. बेरिलनी मला मिठी मारली नाही, त्या पिढीत ती पद्धत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना सांगा, बाकावर त्यांची जागा ठेवलीय."

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी बिशप स्वतः आले. जांभळा झगा, डोक्यावर उंच टोपी, हातात चांदीच्या मुठीचा दंड. बंद दारावर दंडानं तीनदा ठोकायचं आणि मग आतून दार उघडायचं, अशी प्रथा. आतून दार बेरिलनी उघडलं. नव्वदएक माणसं होती. काही बाहेर गवतावर उभी होती, कोणी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, थंडीत. बाबा कोट घालून पोर्चमधल्या बाकावर बसले होते, पाठ टेकून. बिशपांनी प्रवचनात इंजिनिअरांचा उल्लेख केला. माझ्याकडे लोकांनी वळून पाहिलं तेव्हा मी मान खाली घातली नाही. चूक कबूल केल्याचा एक फायदा असा की नंतर अभिमान बाळगायला परवानगी लागत नाही.

बाकीची दहा चर्चही मी आत जाऊन पाहिली. धडा एवढाच: भिंतीबद्दल भिंतीला विचारावं, आणि वेळ नसेल तर जो तिची धूळ पुसतो त्याला विचारावं. बेरिल आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत आणि कसलीही घाई नाही म्हणतात.

त्या रविवारी बिशपांनी शेवटी दोन्ही हात पसरून जाहीर केलं की हे दार आता देवाच्या लोकांसाठी सदैव उघडं राहील. पुढचा रविवार महिन्यातला तिसरा होता. व्हिकर एक आणि चर्च पाच, त्यामुळे तिसऱ्या रविवारी तिथं प्रार्थना नसते. कुलूप होतं.